पोझ बरोबर, तरी चाल चुकते: ग्राफ एडिटरमधले दोष शोधायचे आणि काढायचे कसे

कॅरेक्टरच्या पोझेस जमतात, पण प्ले केलं की हात मधेच गरकन फिरतो, पाऊल जमिनीत बुडतं, गुडघा झटका मारतो. अशा टप्प्यावर अडकलेल्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे हे काम बहुतेक जण घरी बसून, व्हिडिओ बघून शिकतात. जालन्याच्या बियाण्यांची जाहिरात, लातूरच्या एखाद्या क्लासचा प्रोमो, संभाजीनगरच्या कारखान्यासाठी सुरक्षिततेचा व्हिडिओ अशी कामं येतात. वीस-तीस सेकंदांचं काम, एखाद-दुसरं कॅरेक्टर, आणि चूक दाखवायला शेजारी सीनियर कोणी नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवा माणूस ग्राफ एडिटर (हालचाल रेघांमध्ये दाखवणारी खिडकी) उघडतो आणि जो कर्व्ह, म्हणजे रेघ, वाकडा दिसेल तो सरळ करत सुटतो. तासाभराने कर्व्ह देखणे होतात आणि अ‍ॅनिमेशन मरतं. दोष आधी पडद्यावर शोधायचा, त्याची फ्रेम पकडायची, आणि मगच कर्व्हकडे वळायचं. तिथेही जो अवयव चुकलेला दिसतो त्याच्याच चॅनलमध्ये (एका अक्षावरच्या स्थानाच्या किंवा फिरण्याच्या आकड्यात) चूक असेल असं समजू नका. गुडघा उडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा कमरेत असतो.

मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर धरून लिहितोय, कारण ते फुकट आहे. माया वापरत असाल तर मेनू वेगळे, दुखणी हीच.

काय काय लागेल

- ब्लेंडरची ४.१ किंवा पुढची आवृत्ती
- तीन बटणांचा माऊस. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये 'इम्युलेट नमपॅड' चालू करा
- जी हालचाल करायची तिचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. स्वतः चाला, घरच्या कुणाला शूट करायला सांगा. इंटरनेटवरच्या क्लिपपेक्षा हा कामाचा, कारण वजन कुठे पडलं ते तुमच्या अंगाला आठवतं
- वही आणि पेन. हे गमतीने लिहिलेलं नाही

१. प्रत करा, मग हात लावा

'सेव्ह अ‍ॅज'च्या खिडकीत नावाशेजारी अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की फाइलचा आकडा एकाने वाढतो. दुरुस्तीला बसण्याआधी ते दाबायचंच. लाइट जाण्याचा भरवसा नाही, म्हणून ऑटोसेव्ह किती मिनिटांवर आहे तेही बघून घ्या. मुळात ते २ मिनिटांवर असतं, ते वाढवू नका. फाइल मेनूतल्या 'रिकव्हर'मधून ती प्रत परत मिळते.

अ‍ॅक्शन म्हणजे कॅरेक्टरची एक साठवलेली हालचाल. तिच्या नावाशेजारी ढालीचं चिन्ह दिसतं तेही चालू करा. नाहीतर कॅरेक्टरला दुसरी अ‍ॅक्शन लावून फाइल बंद केली, की पहिली, कुणीच वापरत नाही म्हणून, परत उघडल्यावर गायब.

२. दोष खरा आहे का, ते ठरवा

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या पुढे असतो. तापलेला लॅपटॉप वेग कमी करतो आणि प्ले अडखळतं. ती अडखळ कर्व्हची नाही. प्ले चालू असताना व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे कॅरेक्टर दिसतं त्या खिडकीच्या, कोपऱ्यात फ्रेमरेटचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा दिसतो, तो लाल झाला असेल तर मशीन मागे पडलंय. त्या अवस्थेत टायमिंगबद्दल काहीही ठरवू नका. व्ह्यू मेनूतून व्ह्यूपोर्टचा कच्चा व्हिडिओ काढा, ज्याला प्लेब्लास्ट म्हणतात, आणि तो बघा. त्यातही दोष दिसला तर तो खरा.

दुसरी तपासणी फ्रेमरेटची. ब्लेंडर सुरुवातीला २४ वर असतं, मोबाइलचा व्हिडिओ बहुधा ३० वर, टीव्हीवाले २५ मागतात. मधेच फ्रेमरेट बदलला तर कीज (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेल्या किमती) जागच्या हलत नाहीत, फक्त वेग बदलतो. २४ वर १० सेकंदांत संपणाऱ्या २४० फ्रेम ३० वर ८ सेकंदांत संपतात. "काल बरोबर होतं, आज कॅरेक्टर घाई करायलंय" याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

कीज ताणून किंवा आवळून टायमिंग बदललं असेल तर त्या ४१.३ सारख्या अर्धवट फ्रेमवर जाऊन बसतात. मग ४१ वर नवी की टाकली की दोन कीज चिकटून उभ्या राहतात आणि तिथे झटका येतो. सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-एस, त्यात 'नीअरेस्ट फ्रेम'. काम झालं.

३. फ्रेमचा आकडा वहीत लिहा

पूर्ण वेगाने बघा, मग बाणाच्या कळांनी एकेक फ्रेम पुढे जा. वहीत तीन रकाने पाडा: फ्रेम, अवयव, काय होतंय. 'विचित्र वाटतंय' असं लिहू नका. झटका, बुडणं, सरकणं, थरथर, तरंगणं यांपैकी नेमका शब्द लिहा. एकदा तो सापडला की पुढचा उपाय निम्मा ठरलेलाच असतो.

गिऱ्हाईकाकडून दोष काढून घ्यायचे असतील तर आउटपुटच्या सेटिंगमध्ये 'मेटाडेटा' आहे, त्यात 'बर्न इन्टू इमेज' चालू करून फक्त फ्रेमच्या आकड्यावर टिक ठेवा. आकडा व्हिडिओवर छापून येतो. मग साहेब फोनवर "हात काहून असा व्हायलाय?" असं विचारण्याऐवजी "११८ला बघा" म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर दाबून बारीक केलेल्या व्हिडिओत आकडा वाचता येत नाही.

यादी झाली की क्रम लावा: रूट (अख्खं कॅरेक्टर हलवणारा कंट्रोल), कंबर, पाठ, डोकं, मग हात, शेवटी बोटं. मनगट तासभर घासून गुळगुळीत केलं आणि नंतर कंबर हलवली तर तो तास पाण्यात.

४. ग्राफ एडिटरमधली गर्दी हटवा

एका रिगमध्ये, म्हणजे कॅरेक्टरच्या हाडं-कंट्रोलांच्या सांगाड्यात, शेकड्याने चॅनल असतात. 'ओन्ली शो सिलेक्टेड' चालू ठेवा, हवा तो कर्व्ह निवडून शिफ्ट-एच दाबा, बाकीचे लपतात. ऑल्ट-एचने परत येतात. होम दाबलं की कर्व्ह खिडकीत नीट बसतो. लाल एक्स, हिरवा वाय, निळा झेड.

वाचायला सोपं आहे: आडवी दिशा वेळेची, उभी दिशा किमतीची. चढ जितका खडा तितकी हालचाल जोरात, आडवी रेघ म्हणजे थांबलं.

इथे 'नॉर्मलाइझ'चा सापळा आहे. स्थान मीटरमध्ये आणि फिरणं अंशांमध्ये असल्याने दोन्ही एकत्र बघताना स्थानाचा कर्व्ह मेलेली रेघ दिसतो, म्हणून लोक नॉर्मलाइझ लावतात. लावलं की प्रत्येक कर्व्ह उणे एक ते एक या मापात ताणला जातो, आणि दोन मिलिमीटरची थरथर डोंगराएवढी दिसते. ती दुरुस्त करत बसू नका. आकडा बघा, कॅमेरा किती लांब आहे ते बघा, आणि पुढे जा.

फिल्टरमध्ये 'ओन्ली शो एरर्स' नावाची टिक आहे. ती लावली की मोडलेले चॅनल तेवढे समोर येतात. हाडाचं नाव बदललं किंवा दुसऱ्या रिगवर जुनी अ‍ॅक्शन लावली की असं होतं: कर्व्ह आहे, पण तो हलवणार कुणाला? नाव तरी दुरुस्त करा, नाहीतर चॅनल काढून टाका. पण नाव सांगतं त्यावर जाऊ नका. ही टिक फक्त तुटलेले धागे दाखवते, वाईट हालचाल नाही.

५. पाऊल जमिनीत बुडतंय

हा दोष जवळून बघू, कारण तो समजला की हँडल, म्हणजे कीमधून निघून कर्व्हला वळण देणाऱ्या काड्या, समजले.

शेतकरी चालतोय. घोट्याच्या झेड चॅनलवर तीन कीज: ९ वर ०.१८, १३ वर ०, २१ वर ०. पाऊल १३ला टेकलं, २१ पर्यंत टेकलेलंच राहायला हवं. पण १५-१६ला ते रानात रुतलेलं दिसतं. कारण १३ च्या कीचं हँडल 'ऑटोमॅटिक' आहे. ते आधीचा आणि नंतरचा बिंदू बघून मधला तिरपा उतार काढतं, आणि त्या उतारावरून कर्व्ह शून्याच्या खाली घसरून मग २१ला वर येतो.

व्ही दाबून 'ऑटो क्लॅम्प्ड' करा, असं सगळे सांगतात. केलं की बुडणं थांबतं, पण दोन्ही बाजूंची हँडलं आडवी होतात. म्हणजे पाऊल टेकायच्या आधीच मंदावतं, अलगद टेकतं, आणि अंगावर पोतं घेतलेल्या माणसाचं वजनच नाहीसं होतं. म्हणून व्ही, मग 'फ्री'. डावं हँडल खडं ठेवा, पाऊल वेगाने खाली यावं असं. उजवं हँडल पूर्ण आडवं. डावीकडून आपटलं, उजवीकडे स्थिर.

जिथे काही कशाला आदळतं तिथे हाच उपाय: हलगीवर पडणारी काडी, दगडावर पडणारी कुदळ, टेबलावर ठेवलेला तांब्या. हलगीच्या काडीला तर दोन्ही बाजू खड्या हव्यात, कारण ती लागते आणि लगेच उसळते. तिथे गोल वळण दिलं तर काडी चामड्याच्या अलीकडेच थांबून परत गेल्यासारखी वाटते आणि आवाज आधी, फटका नंतर असा घोळ होतो.

६. गुडघा झटका मारतोय

आयके (घोटा हलवला की गुडघा आपोआप वाकतो ती पद्धत) पायाचा हा जुना आजार. गुडघ्याला की नसते, घोटा आणि कंबर यांच्यातल्या अंतरावरून त्याचा कोन निघतो. आणि पाय जवळजवळ सरळ असताना हा हिशोब फार नाजूक होतो. मांडी ४५ सेंटिमीटर, नडगी ४५. अंतर पूर्ण ९० असेल तर गुडघा १८० अंशांवर, ताठ. अंतर ८९ झालं की कोन जवळपास १६३. म्हणजे एका सेंटिमीटरला १७ अंश! पुढचा एक सेंटिमीटर मात्र ७ अंशच खातो.

म्हणून घोट्याचा कर्व्ह निर्दोष दिसतो, कमरेचाही, आणि तरी गुडघा उडतो. घोट्याशी झगडू नका. ज्या फ्रेमला पाय ताठ होतो तिथे कमरेचा झेड थोडा खाली घ्या, किंवा टाच आधी उचला, म्हणजे अंतर कमाल लांबीला भिडतच नाही. खरा माणूस चालतानाही गुडघा पुरता ताठ करून कुलूप लावत नाही. तुमचा संदर्भ व्हिडिओ थांबवून बघा.

७. हात गरकन उलटा फिरतोय

आधी एन दाबून हाडाचा रोटेशन मोड, म्हणजे फिरणं कोणत्या आकड्यांत साठवलंय ते, बघा. इलाज त्यावर ठरतो.

ऑयलर (तीन अक्षांचे तीन कोन) असेल तर कर्व्हमध्ये उभी भिंत दिसेल: ४१ला १७८ अंश, ४२ला उणे १७९. प्रत्यक्षात हे तीनच अंशांचं अंतर आहे, पण मधल्या किमती काढताना संगणक आकड्यांमधून जातो आणि हाताला जवळजवळ पूर्ण फेरी मारतो. त्या हाडाचे तिन्ही रोटेशन चॅनल निवडा आणि ग्राफ एडिटरच्या मेनूतलं 'डिस्कंटिन्युइटी ऑयलर फिल्टर' चालवा. उणे १७९ चं १८१ होतं, भिंत जाते. एकाच चॅनलवर चालवू नका, तिन्ही मिळूनच एक दिशा बनते.

क्वाटर्नियन असेल तर हा फिल्टर उपयोगाचा नाही. तिथे डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असे चार आकडे असतात, आणि चारही आकड्यांची चिन्हं उलटी केली तरी पोझ तीच राहते. एका कीला अधिक आणि पुढच्या कीला उणे पडलं की हात लांबच्या वाटेने जातो. ग्राफमध्ये चारही रेघा एकाच वेळी शून्य ओलांडताना दिसल्या की ओळखावं. दुसऱ्या कीच्या फ्रेमवर जा, पोझ मोडमध्ये पोझ मेनूतलं 'फ्लिप क्वाट्स' करा, आणि परत की टाका. की टाकायला विसरलात तर फ्रेम बदलताच जुनंच परत येतं.

आणि तिसरं, फिल्टरने न जाणारं: गिंबल लॉक. ऑयलरमध्ये मधला अक्ष ९० अंशांजवळ गेला की उरलेले दोन एकाच दिशेने फिरायला लागतात आणि खांद्यावरचे कर्व्ह वेडेवाकडे होतात. याला औषध आधीच घ्यायचं असतं. अ‍ॅनिमेशन सुरू करण्यापूर्वी हात वर करणारं, बाजूला नेणारं कॅरेक्टर असेल तर खांद्याचा रोटेशन क्रम बदलून बघा, ज्यात मधल्या अक्षाला सगळ्यात कमी फिरावं लागेल तो ठेवा. निम्मं काम झाल्यावर क्रम बदलला तर आधीच्या सगळ्या कीज नासतात.

८. पाय सरकतोय

दोन वेगळी प्रकरणं आहेत, त्यांची सरमिसळ होते.

कॅरेक्टर खरंच पुढे जात असेल, तर टेकलेल्या पायाचे एक्स-वाय कर्व्ह टेकल्यापासून उचलेपर्यंत अगदी आडवे हवेत. दोन कीजची किंमत सारखी असूनही मधे फुगवटा असेल तर त्या कीजना 'व्हेक्टर' करा.

जागेवरची सायकल (तीच पावलं पुन्हा पुन्हा फिरणारी चाल) बनवून ती रूटने पुढे ढकलत असाल, तर टेकलेला पाय मागे जाण्याचा वेग आणि रूट पुढे जाण्याचा वेग सारखा हवा. पाय १२ फ्रेममध्ये ६० सेंटिमीटर मागे जातो, तर रूट २४ फ्रेममध्ये १२० सेंटिमीटर पुढे गेला पाहिजे. आणि दोन्ही कर्व्ह सरळ रेघेत. टी दाबून 'लिनिअर'. रूटला मुळातला बेझिअर (वळणदार कर्व्ह) तसाच ठेवला की सुरुवातीला आणि शेवटी तो मंदावतो, पाय मात्र आपल्याच वेगाने चालतात. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पावलाला सरकणं ठरलेलं.

सायकलचंच बोलतोय तर: २४ फ्रेमच्या सायकलमध्ये पहिली पोझ १ वर आणि तीच २५ वर ठेवा, रेंडर १ ते २४ करा. २५ही रेंडर केली तर तीच पोझ दोनदा येते आणि प्रत्येक फेरीला बारीक अडखळ लागते. लेझीमसारख्या तालावरच्या नाचात ती लगेच कानांना-डोळ्यांना कळते.

९. हातातली वस्तू उडी मारतेय

शेतकऱ्याने बियाण्याची पिशवी उचलली आणि पिशवी एका फ्रेमसाठी भलतीकडेच गेली. 'चाइल्ड ऑफ' म्हणजे वस्तू हाताला बांधणारं बंधन, त्याचा इन्फ्लुअन्स (बंधनाचा जोर) कर्व्ह उघडा. शून्यावरून एकवर जाणारी की बेझिअर असेल तर पिशवी कित्येक फ्रेम अर्धी जमिनीची, अर्धी हाताची असते. टी, 'कॉन्स्टंट'. पकडण्याच्या फ्रेमवर 'सेट इन्व्हर्स' केलंय ना, तेही पाहा. सोडताना सोडण्याच्या फ्रेमवर के दाबून 'व्हिज्युअल' प्रकारची लोकेशन-रोटेशन की टाका, म्हणजे पिशवी जिथे दिसतेय तिथेच राहते.

१०. सगळं तरंगतंय

स्टेप्ड ब्लॉकिंगमध्ये (मधला प्रवास न दाखवता फक्त पोझेस मांडायच्या टप्प्यावर) झकास दिसलेलं काम बेझिअर केल्यावर पाण्याखाली चालल्यासारखं होतं. याला कर्व्ह दुरुस्ती पुरत नाही. एक तर ब्लॉकिंगच्या प्रत्येक पोझला सगळ्या कंट्रोलांना की दिलेली नसते, मग न दिलेला अवयव आधीच्या कीपासून पुढच्या कीकडे हळूहळू वाहत जातो. 'होल कॅरेक्टर' हा कीइंग सेट त्यासाठीच आहे. दुसरं, पोझ धरून ठेवायचीच नाही असं झालेलं असतं. जिथे थांबायचं तिथे तीच पोझ पाच-सहा फ्रेम पुढे कॉपी करा, तिच्यात जरासा फरक करा, आणि दोन पोझमधला प्रवास कमी फ्रेममध्ये उरका.

ऑटो-की चालू राहिल्याने चुकून पडलेल्या स्केलच्या कीजही बघा. कॅरेक्टरचं मनगट मधेच जाड झालं तर तेच. स्केलचे चॅनल सरळ उडवा, अर्थात रिगमध्ये ताणलं-दाबलं जाणं मुद्दाम केलेलं नसेल तर.

११. मोबाइलच्या मोकॅपचा कचरा

फोनवरून काढलेल्या मोकॅपमध्ये, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचालीच्या नोंदीत, प्रत्येक फ्रेमला की असते आणि थरथर भरपूर. क्रम पाळा. आधी एकट्या-दुकट्या उभ्या सुळक्यांच्या कीज हाताने उडवा, मगच स्मूथ करा. सुळका असताना स्मूथ केलं तर शाईचा डाग ओल्या फडक्याने पुसल्यासारखं होतं, एका फ्रेमची चूक दहा फ्रेमवर पसरते. ऑयलर फिल्टरही स्मूथच्या आधी. त्यानंतर 'बटरवर्थ स्मूथ', जपून, आणि शेवटी 'डेसिमेट' करून कीज हाताळण्याजोग्या करा.

पाय मोकॅपमधून जसेच्या तसे घेऊ नका. टेकण्याच्या आणि उचलण्याच्या फ्रेम वहीत काढा, त्यांवर आयकेच्या कीज नव्याने टाका. बोटांचा डेटा सरळ फेकून द्या. तीन पोझेस हाताने केल्या तर त्याहून बऱ्या दिसतात आणि वेळही कमी जातो.